कापलेल्या चार ओळी

रविवार, १० ऑगस्ट

माझा खून झाला आहे. स्थळ: पान सहा, डावीकडचा खालचा कोपरा. हत्यार: गादीची जाहिरात.

'सुबोध रसायन' या माझ्या स्तंभाच्या शेवटच्या चार ओळी आज छापल्याच नाहीत. त्यांच्या जागी एक बाई गादीवर पडून हसते आहे. नागपूरकरांच्या पाठीला आधार मिळावा म्हणून माझ्या लेखाची शेपटी छाटली! आणि शेपटी तरी कोणती! तिच्यात संस्कृत अर्धी ओळ होती, मी स्वतः रचलेली, तीन दिवस घासूनपुसून. सत्तावीस वर्षं वार्ताहरकी केली, नाल्यांच्या आणि खड्ड्यांच्या बातम्या दिल्या, तेव्हा कोणी एक शब्द कापला नाही. एकदा छंदात बसणारं काही लिहिलं, तर गादी आली.

सुशीलला फोन केला. सुशील म्हणजे आमचा उपसंपादक. वय एकोणतीस, स्वभाव गरीब, कात्री श्रीमंत. म्हणाला, "सर, चारच ओळी होत्या. अर्थ कुठं बिघडला?" मी म्हटलं, गणपतीची फक्त सोंडच काढली तर बाकी मूर्ती शाबूतच असते, नाही का? तो म्हणाला, "हो सर." हा मुलगा प्रत्येक अपमानाला 'हो सर' म्हणतो, त्यामुळे त्याचा अपमान करण्यात काही राम उरत नाही.

सुमतीने चहा ठेवता ठेवता विचारलं, घरगुती सल्ला छापला नं? मग झालं, लोक तेवढाच वाचतात. माझ्या वाचकांची पारख माझ्या बायकोला माझ्याहून जास्त.

लेख चांगला उतरला होता, खोटं कशाला बोलू. मेंदूतले दूत. डाळीत, दुधात असतात ती अमायनो आम्लं, त्यांतलीच काही मेंदूत निरोप्याची नोकरी करतात. एका पेशीच्या टोकावरून निघायचं, मधली केसाहून बारीक फट ओलांडायची, पलीकडच्या पेशीच्या दाराची कडी वाजवायची. ग्लुटामेट म्हणतो 'ऊठ'. गाबा म्हणतो 'बस'. मौज म्हणजे गाबा घडतो ग्लुटामेटमधूनच. अंगाचा एक तुकडा काढला की 'ऊठ' म्हणणाराच 'बस' म्हणू लागतो. (लग्न झालेल्या पुरुषांना उदाहरण द्यायची गरज नाही, असं मी लिहिलं होतं. ते छापलं!) आपल्या जुन्या राजनीतीत दूत तीन प्रकारचे: स्वतः निर्णय घेणारा, नेमून दिलेलं तेवढंच बोलणारा, आणि नुसतं पत्र पोचवणारा. मेंदूतले दूत तिसऱ्या प्रकारचे. पत्रात काय आहे ते त्यांना माहीत नसतं. दार वाजवलं, निरोप दिला, बाजूला झाले.

त्या शेपटीच्या आधी सल्ला: कोणत्याही डाळीचं पाणी फेकू नका, भिजवलेलं असो की उकळलेलं, सत्त्व त्यातच उतरतं. असं काहीतरी टाकलं की लोक कात्रण करतात.

संध्याकाळी भिवापूरहून वच्छलाचा फोन. माझी धाकटी बहीण. दुर्गेशने कात्रण भिंतीवर चिकटवलं म्हणे. भाचा तेवीस वर्षांचा, तीन वर्षं पोलीस भरतीच्या मागे. जानेवारीत मैदानी चाचणी आहे. "मामाजीनं लिहिलं म्हंजे लिहिलं," म्हणतो. घराण्यात एक तरी रसिक निघाला!

गुरुवार, १४ ऑगस्ट

एक वाचकपत्र. कळमेश्वरचे निवृत्त शिक्षक, पोस्टकार्ड, सुंदर अक्षर. लेखाबद्दल एक शब्द नाही. गादी कोणत्या दुकानात मिळेल, एवढंच विचारलं आहे.

रविवार, ३१ ऑगस्ट

दुर्गेश येऊन गेला. पिशवीत घरची मिरची आणि दोन किलो लाखोळीची (लाखेची) डाळ. लाखोळी त्यांच्या शेतातली. धान कापायच्या आधी ओल्या बांध्यांत, म्हणजे धानाच्या खाचरांत, बी फेकून देतात, आपोआप येते. पोरगा काटक झाला आहे. सोळाशे मीटर पाच मिनिटं बावीस सेकंदांत. पाच-दहाला पूर्ण गुण. म्हणजे बारा सेकंदांचा प्रश्न आहे, आणि पुढे सगळा जन्म.

"मामाजी, रोज लोटाभर डाळीचं पानी पिऊन राहिलो. भात बंद केला. पावडर-बिवडर आपल्याले कुठं जमते, आपली डाळच बरी."

मी कृतकृत्य. पाठ थोपटली. पाया पडू नकोस म्हटलं, तरी पडला.

तो गेल्यावर सुमतीने भज्यांसाठी लाखोळी भिजवली आणि दुपारी पाणी मोरीत ओतलं. मी ओरडलो, अगं, अमायनो आम्लं नाल्यात चालली! माझ्याच घरात माझा वाचक नाही! ती म्हणाली, "लाखोळीचं पाणी कोणी ठेवते का? तुमची आई तर जनावरालाही देत नव्हती." खरंच की. आई ते घरामागच्या खड्ड्यात ओतायची, आणि आम्हाला त्या खड्ड्याकडे जायची बंदी होती.

भजे फार चांगले झाले. नऊ खाल्ले.

शुक्रवार, १९ सप्टेंबर

दुर्गेशचा निरोप: पाच-एकतीस. पुढे जायचं सोडून नऊ सेकंद मागे! "पाय जड वाटते मामाजी." मी कळवलं, पाय जड नाहीत, खिशातला फोन जड आहे, तो काढून धाव. हसणारे तीन चेहरे आले.

गुरुवार, २ ऑक्टोबर

दसरा. दीक्षाभूमीवर बातमीसाठी दिवसभर उभा होतो. एवढी माणसं, आणि कोणाचा कोणाला धक्का नाही. गडचिरोलीकडची एक म्हातारी दोन दिवस चालून आली होती. म्हणाली, पायाले सांगितलं, चाल म्हनलं, तं चालले. तेच वाक्य बातमीत घेतलं. छापतील की नाही कोण जाणे.

वच्छलाचे तीन फोन गर्दीत ऐकू आले नाहीत. घरी आल्यावर सुमतीने सांगितलं. दुर्गेश मैदानावर पडला. लागलं नाही. पण उठायला दोघांनी धरावं लागलं.

मी म्हटलं, दसऱ्याचं पडणं म्हणजे सीमोल्लंघन. सुमती हसली नाही.

गुरुवार, १६ ऑक्टोबर

दुर्गेशच्या पोटऱ्यांत गोळे येतात. तिथल्या डॉक्टरने कॅल्शियम दिलं. मी फोनवर मोठ्या अधिकाराने सांगितलं, डाळीचं पाणी वाढव.

गुरुवार, २३ ऑक्टोबर. भाऊबीज

हे लिहून ठेवायला हवं. जसं झालं तसं.

भिवापूरला बस अकराला पोचली. दुर्गेश थांब्यावर घ्यायला आला होता. तो माझ्याकडे चालत आला, आणि मी पाहिलं. टाचा टेकत नव्हत्या. गुडघे एकमेकांना घासत होते. एक पाय दुसऱ्याच्या वाटेत येत होता. माझी पिशवी घेतली, दोन पावलं गेला, परत दिली.

"तुमीच धरा मामाजी. तोल जाते."

हसत म्हणाला. घरापर्यंतचं अंतर मी नेहमी पाच मिनिटांत चालतो. आज वीस लागली. मी सारखा बोलत होतो. काय बोलत होतो, आठवत नाही.

वच्छलाने पाट मांडला होता. पाणी प्यायला म्हणून मी स्वयंपाकघरात गेलो. ओट्यावर पितळेचा लोटा, वर ताटली. ताटली उचलली. गढूळ पाणी, वर फेस. मला वास ओळखू आला. घरामागच्या खड्ड्याचा वास.

"हे काय आहे वच्छे?"

"दुर्गेशचं पानी. लाखोळीचं."

"कधीपासून?"

"तुह्या लेखापासून. सकाळी लोटा, संध्याकाळी लोटा. तू वाढव म्हनलं तं आता दुपारी बी. भाकरी बी लाखोळीच्याच पिठाची करतो, त्याले भात नाही पाहिजे तं."

मी ताटली परत ठेवली. तीच पुढे बोलली. आवाजात तक्रार नव्हती. तेच वाईट होतं.

"माय फेकत होती. मी बी फेकत होती दादा, इतकी वर्सं. पोरगं म्हने, मामाजीनं लिहिलं नं कोन्त्याही डाळीचं म्हनून. मी म्हनलं, असंन. तुले जास्त समजते."

मग माझ्या तोंडून एक वाक्य निघालं. मी ते ठरवलं नव्हतं.

"मी लिहिलं होतं वं. लाखोळी सोडून, असं. शेवटच्या चार ओळींत. त्यांनी त्या कापल्या."

ती पाहत राहिली. "कापल्या?"

"जाहिरातीसाठी."

तिने लोटा उचलला, मागच्या दारी गेली, ओतला. आल्यावर हात धुतले, निरांजन लावलं आणि मला ओवाळलं. दुर्गेश भिंतीला टेकून उभा होता. खाली बसलं की उठता येत नाही म्हणून. त्याच्या डोक्यामागे माझं कात्रण.

परतीच्या बसमध्ये सगळं आठवून पाहिलं. होय, लिहिलंच होतं. शब्द न् शब्द आठवतो आहे: लाखोळीचं पाणी कोणी ठेवत नाही, जनावरालाही देत नाहीत. त्या चार ओळींतच होतं. सुशीलने कापलं.

शनिवार, २५ ऑक्टोबर

वच्छला दुर्गेशला घेऊन काल आली. आज मेंदूच्या डॉक्टरांकडे. डॉ. मिनल, तरुण बाई, कमी बोलणारी. दुर्गेशच्या गुडघ्यावर छोटी हातोडी मारली तसा पाय एवढा उडाला की तोच दचकला. मग काय काय खातोस विचारलं. सगळं ऐकून पेन खाली ठेवलं.

कागदाच्या मागे एक दार काढलं तिने. दारापुढे एक माणूस.

"लाखोळीत एक अमायनो आम्ल असतं. दिसायला ग्लुटामेटसारखं. त्याच दारापाशी जातं, तीच कडी वाजवतं, आत त्याला तोच समजतात. पण खरा निरोप्या काम झालं की बाजूला होतो. हा होत नाही. पायांना हुकूम देणाऱ्या पेशींना 'ऊठ, ऊठ, ऊठ' एवढंच ऐकू येत राहतं. शेवटी त्या पेशी मरतात."

माझंच दार. माझीच कडी. फक्त मी जिथे थांबलो तिथून पुढचं.

वच्छलाला 'मरतात' एवढंच कळलं. तिने विचारलं, पोरगं बरं होईल नं बाई? डॉक्टर म्हणाली, लाखोळी बंद केली की दुखणं वाढायचं थांबेल. बुद्धीला काही नाही, जिवाला काही नाही. थोडी लाखोळी, पाणी टाकून, इतर अन्नाबरोबर खाल्ली तर एवढं होत नाही. याने तीच खाल्ली, तिचंच पाणी प्यायला, वर रोज धावला.

"अन् जे गेलं ते?"

"ते सहसा परत येत नाही."

पाणी प्यायचं कोणी सांगितलं, हे विचारल्यावर दुर्गेश माझ्याकडे न पाहता म्हणाला, वाचलं होतं कुठंतरी. मी म्हटलं, माझा लेख आहे. इशारा दिला होता, तो कापला गेला. वाक्य आता सराईतपणे येतं. दुसरी खेप.

डॉक्टर म्हणाली, "मग आधी छापून घ्या. तुमचं कात्रण अजून कितीतरी भिंतींवर असेल."

एक गोळी दिली आहे. ती गाबासारखं सोंग घेते म्हणे, पायांना 'बस' म्हणते. एका सोंगाड्याने घर जाळलं, आता दुसरा सोंगाड्या राख सारवणार.

मंगळवार, २८ ऑक्टोबर

वामनरावांच्या, म्हणजे आमच्या संपादकांच्या खोलीत मी, सुशील आणि ते. मी सांगितलं. तिसरी खेप. वामनरावांनी सुशीलला विचारलं, कापण्याआधी वाचलं होतंस? तो म्हणाला, पान छपाईला सोडायची वेळ झाली होती, जाहिरात उशिरा आली, शेवटच्या ओळी काढल्या हे खरं. त्यांत काय होतं ते आठवत नाही.

"एका पोराचे पाय गेले," वामनराव म्हणाले.

"हो सर," सुशील म्हणाला.

उद्यापासून तो डेस्कवर नाही. कामठीच्या बातम्या पाहील. छावणी, यंत्रमाग, ऑटोवाल्यांची भांडणं. जाताना माझ्यापाशी थांबला. मला वाटलं काही म्हणेल. माफी मागून गेला.

खुलासा मीच लिहिला. 'लाखोळीविषयीचा इशारा संपादनात अनवधानाने वगळला गेला.' कोणी वगळला, ते वाक्यात नाही. असली वाक्यं लिहायला माणूस सत्तावीस वर्षांत शिकतो.

रविवार, २ नोव्हेंबर

खुलासा छापून आला. पान सहा, तोच कोपरा. आज गादी नाही.

सुमतीने दोनदा वाचला. "हे होतं लेखात?"

"होतं."

"तुम्ही मला वाचून दाखवला होता, तेव्हा नव्हतं."

"नंतर घातलं."

ती भाजी निवडायला बसली. सबंध जुडी निवडली, मग तीच पुन्हा निवडली.

बुधवार, ५ नोव्हेंबर

तीन वाचकांचे फोन. तिघंही तुरीच्या डाळीचं पाणी पितात. तिघांनाही सांगितलं, प्या. इतक्या मनापासून मी आजवर कोणाला प्या म्हटलेलं नाही.

रविवार, ९ नोव्हेंबर

वच्छला आणि दुर्गेश आता आमच्याकडेच आहेत, डॉक्टरने सांगितलेल्या पायांच्या व्यायामाच्या बाईंकडे रोज जावं लागतं म्हणून. समोरची खोली त्यांना दिली. रामाजी, वच्छलाचा नवरा, धान कापणीला गावी. रोज फोनवर एकच विचारतो, टाच टेकली का?

नाही टेकली.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

दुर्गेशने विचारलं, मामाजी, त्या लेखातलं मले नीट समजावून सांगा नं, माह्याच मेंदूत काय चालू आहे ते तं कळलं पाहिजे. मला पळून जावंसं वाटलं. पण सांगितलं. फट, दार, कडी. खरा दूत, खोटा दूत. गोळी काय करते. त्याने मन लावून ऐकलं, परीक्षेला विचारणार असल्यासारखं. मग म्हणाला,

"म्हंजे मेंदू 'ऊठ' म्हनते, अन् पाय म्हनते, मी कवाचाच उठून उभा आहो बा, अजून किती उठू?"

इतकं नेमकं मला आठशे शब्दांत जमलं नव्हतं. मी हसलो. तो हसला. वच्छला उठून आत गेली.

हा मुलगा चिडत का नाही? एकदा तरी चिडावं. मला बरं वाटेल.

शनिवार, २२ नोव्हेंबर

काही नाही. टाच नाही.

शनिवार, २९ नोव्हेंबर

व्यायामाच्या बाईंनी काठी घ्यायला सांगितलं. वच्छला म्हणाली, काठी म्हाताऱ्यांले. बाई म्हणाल्या, पडण्यापेक्षा बरी. सीताबर्डीवरून आणली. दुकानदाराने विचारलं, वडिलांसाठी? मी हो म्हटलं. खोटं बोलणं किती सोपं होत चाललं आहे, याची ही आणखी एक नोंद.

दुर्गेशने काठी बंदुकीसारखी खांद्याला लावली आणि सावधान उभा राहण्याचा प्रयत्न केला. मांड्या थरथरायला लागल्या. तरी सलाम केला.

बुधवार, ३ डिसेंबर

वच्छला सुशीलला शिव्याशाप देते. भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना, देवापुढे. त्याचं नाव तिला माझ्याकडून कळलं. "ज्यानं तुह्या ओळी कापल्या त्याचे हात झडो." देवापुढे ती माझ्यासाठीही मागते, दादाले सुखी ठेव, त्यानं बिचाऱ्यानं तं सांगितलं होतं.

मी शेजारच्या खुर्चीवर वर्तमानपत्र वाचत असतो. वाचत म्हणजे धरून.

आज तिला म्हटलं, जाऊ दे वं, गरीब पोरगा आहे. ती म्हणाली, "तुलेच कशी दया येते दादा सगळ्यांची." आणि डोळे पुसले. माझ्या चांगुलपणाने भरून आलेले.

लेखाची मूळ मेल माझ्या संगणकात आहे. ९ ऑगस्टची. उघडली की प्रश्न मिटतो. उघडायचं काही कारणच नाही, मला सगळं आठवतं आहे.

रविवार, ७ डिसेंबर

डॉ. मिनलला एकट्याने भेटलो. विचारलं, थोडी तरी आशा? म्हणाली, आखडलेपण थोडं कमी होईल, काठीने नीट चालेल, दुकान चालवू शकेल, संसार करू शकेल. धावणार नाही.

निघताना तिने सहज म्हटलं, तुमच्या त्या ओळी छापल्या असत्या तर हा मुलगा आज मैदानावर असता. मी म्हटलं, हो.

माणसाच्या शरीरात 'बस' म्हणणारा एक दूत असतो, तो कधी कधी सबंध माणसावरच बसत असावा. सकाळी चहा घेऊन बसलो की उठवत नाही. सुमती म्हणते, अंघोळ करा. करतो. परत बसतो. स्तंभ चार आठवडे दिला नाही. कोणी विचारलंही नाही. कळमेश्वरच्या शिक्षकांनीसुद्धा.

शनिवार, १३ डिसेंबर

सुशील घरी आला. न सांगता. हातात बिस्किटांचे दोन पुडे, कामठीच्या बसमधून चुरडलेले. मी दारातच त्याला बाहेर न्यावं म्हणून चपला घालू लागलो, तेवढ्यात वच्छला समोर आली आणि त्याने स्वतःहून नाव सांगितलं.

मला वाटलं, आता होईल काहीतरी. तिने त्याच्याकडे पाहिलं. दोन महिने ज्याला शाप दिले तो एवढासा, बसच्या धुळीने भरलेला. ती एकच बोलली, "काहून कापलं रे बाप्पा?" त्याने हातातले पुडे तिच्यापुढे केले.

दुर्गेशने त्याला आपल्याजवळ बसवलं. आता मैदानी कधी निघणार, कामठीचं ग्राउंड कसं आहे, असलं काहीबाही बोलत राहिले. सुशील त्याच्या पायांकडे पाहणं टाळत होता. दुर्गेशनेच शेवटी सांगितलं, पाहा नं दादा, काही होत नाही, ते बी तुमाले पाहून नाही राहिले.

फाटकापर्यंत पोचवायला गेलो. तिथे त्याने विचारलं.

"सर, ऑफिसातली जुनी मेल पुसली गेली. तुमच्याकडे मूळ लेख असेल नं? एकदा पाठवाल?"

"कशाला आता?"

"मला त्या चार ओळी वाचायच्या आहेत. रोज वाटतं, मी वाचल्या होत्या. वाचल्या असत्या तर कापल्या नसत्या, असंही वाटतं. नक्की काय कापलं ते एकदा डोळ्यांनी पाहिलं की झोप तरी येईल, सर."

मी म्हटलं, शोधतो.

"हो सर," म्हणाला.

वर आलो. सुमती गॅलरीत उभी होती. तिने ऐकलं असावं. गेल्या महिन्यापासून ती मला काहीच विचारत नाही.

सोमवार, १५ डिसेंबर

मेल उघडली.

चार ओळी अशा: 'दूताला शिक्षा करू नये, असं आपले पूर्वज सांगत. मेंदूही हा नियम पाळतो. दूते दोषो न विद्यते. निरोप्याकडे दोष नसतो, वाचकहो, तेव्हा या निरोप्यालाही सांभाळून घ्या.'

लाखोळी नाही. वर नाही, खाली नाही, कुठेच नाही. मग या वहीतलं ३१ ऑगस्टचं पान काढलं. ते वाक्य सुमतीचं आहे. मोरीपाशी म्हणालेली. मी त्यावर नऊ भजे खाल्ले होते.

सुशीलचा निरोप येऊन पडला आहे: सर, मिळाली का? समोरच्या खोलीत दुर्गेश भिंत धरून चालतो आहे आणि वच्छला पावलं मोजते आहे. अकरा झाली.

इथून ती खोली सात पावलांवर आहे. माझे पाय धडधाकट आहेत. मी उठणार नाही, याची मला भीती वाटते.